वाचकांची पत्रं: सुई टेकवायच्या आधी विचारून घ्या

मागच्या अंकात रेकॉर्ड्सवर दोन पानं काय छापली, टेबलावर पत्रांचा ढीग लागलाय. निम्म्या लोकांना हे खूळ परत कुठून आलं ते हवंय आणि उरलेल्यांना सुई कुठली घेऊ ते. एकाच आशयाची पत्रं एकत्र केलीत, नावं काढून टाकलीत, म्हणजे घरात भांडणं नकोत.

प्रश्न: ताई, मोबाइलवर हवं ते गाणं दोन सेकंदात लागतं तरी माझा नवरा दर महिन्याला रेकॉर्ड्स आणतो आणि वर मलाच ऐकवतो की डिजिटलमध्ये ती ऊब नाही. खरंच आवाज चांगला असतो का, का सगळे मनाचे खेळ? खरं ते सांगा, पैज लागलीये.

पैज तुम्ही जिंकलात, पण सगळी नाही. मोजायलाच बसलं तर रेकॉर्ड हरते, यात वाद नाही. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर ९६ डेसिबलच्या आसपास मिळतं, रेकॉर्डवर ते ७० च्या घरात गेलं तरी खूप झालं, शिवाय खरखर आहे, मोटरची घरघर आहे, बास किती भरायचा यालाही मर्यादा आहे. मग तरी काही अल्बम रेकॉर्डवर जास्त छान का वाटतात? तर नव्वदच्या दशकापासून सीडी करताना सगळंच दाबून एकसारखं मोठ्ठं करायची चढाओढ लागली होती, आणि तोच अल्बम रेकॉर्डसाठी कुणी वेगळा, जरा हात आखडता ठेवून मास्टर केला असेल, म्हणजे छापण्याआधी आवाजाची शेवटची जुळणी केली असेल, तर तो मोकळा वाटणारच. पण मग श्रेय त्या मास्टरिंग करणाऱ्याचं झालं ना, रेकॉर्डच्या प्लॅस्टिकचं, म्हणजे विनाइलचं, कुठे झालं!

आणि कानांवर फार विश्वास असेल तर २०२२ ची गंमत नवऱ्याला ऐकवा. मोबाइल फिडेलिटी म्हणून अमेरिकन कंपनी आहे, तिच्या रेकॉर्ड्स संग्राहक डोक्यावर घेऊन नाचायचे, कारण मूळ टेपवरून थेट कापलेल्या, म्हणजे खाच कोरलेल्या, मध्ये डिजिटलचा वारा पण लागलेला नाही अशी सगळ्यांची पक्की समजूत. त्या वर्षी बाहेर आलं की कित्येक वर्षं यातल्या बऱ्याच रेकॉर्ड्स बनवताना मध्ये डिजिटल टप्पा होता. प्रकरण कोर्टात गेलं. तोपर्यंत याच रेकॉर्ड्स लावून भलेभले कानसेन "याला म्हणतात ॲनालॉग" असं सांगत होते, आणि फारशी कुणाला शंका आली नाही.

आता नवऱ्याची बाजू. रेकॉर्डची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची असते आणि मधलं गाणं नको असेल तर उठून, वाकून, टोनआर्म (सुईचा दांडा) उचलून बरोबर त्या दोन गाण्यांमधल्या चकचकीत पट्टीवर सुई ठेवायला लागते. एवढं कोण करणार? मग माणूस बसून राहतो, ते न आवडणारं तिसरं गाणंही ऐकून घेतो, आणि काही दिवसांनी असं होतं की अख्ख्या अल्बममध्ये तेच तिसरं सगळ्यात लाडकं होऊन बसतं. मोबाइलवर त्या गाण्याला दुसरी संधीच मिळाली नसती, पहिल्या दहा सेकंदात अंगठ्याने उडवलं असतं. माझ्या मते रेकॉर्डचं सगळं आकर्षण इथे आहे, आवाजात नाही, ती आपल्याला हलू देत नाही यात आहे. म्हणून नवऱ्याला म्हणावं आवाजाचा मुद्दा सोड, दुसरा मुद्दा घे, तो धरलास तर हरणार नाहीस.

प्रश्न: नवीन टर्नटेबल घेतलं, स्पीकरच्या ऑक्समध्ये वायर घातली तर आवाज एकदम बारीक, पत्र्यासारखा, बास गायब! माल खराब निघाला का? परत करू का?

परत करू नका, काहीही बिघडलेलं नाही, तुमच्याकडे फोनो प्रीॲम्प नाहीये एवढंच.

झालंय असं की बास रेकॉर्डमध्ये जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद वळवळते की एका बाजूवर फार कमी गाणी बसतील, आणि बारीक स्वर जसेच्या तसे कोरले तर ते खरखरीत बुडून जातात. म्हणून कोरतानाच बास खूप कमी करतात आणि वरचे स्वर खूप वाढवतात, आणि वाजवताना याच्या बरोबर उलटं करतात. किती कमी-जास्त करायचं याचं एक माप १९५४ मध्ये ठरलं, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात, त्याच्या आधी प्रत्येक कंपनीचं आपापलं माप असायचं. हे उलटं करायचं काम फोनो प्रीॲम्पचं. शिवाय सुईमागच्या कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलीव्होल्ट निघतात, तेही तोच वाढवतो. आधी टर्नटेबलच्या मागे बघा, बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये फोनो आणि लाइन असं लिहिलेला एक छोटा खटका असतो. तो लाइनवर करा. नसेल तर वेगळी डबी मिळते. आणि ॲम्प्लिफायरला फोनो इनपुट असेल आणि टर्नटेबलचाही खटका लाइनवर असेल तर दोनदा वाढून आवाज फाटेल, तेव्हा दोन्हीपैकी एकच.

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे. तिने विचारलं की खाच एक, सुई एक, मग डावा-उजवा असे दोन आवाज कसे येतात? मला काही सांगता आलं नाही.

या ढिगातला सगळ्यात आवडलेला प्रश्न, त्यामुळे जरा पसरून उत्तर देणार.

आधी मोनो, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज, समजून घ्या. रेकॉर्डवर खूप खाचा दिसतात पण एका बाजूला खाच खरं तर एकच असते, बाहेरून आत गुंडाळत गेलेली, उलगडली तर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास भरेल. ही खाच नागमोडी असते. रेकॉर्ड फिरली की सुई त्या वळणांबरोबर डावीकडे-उजवीकडे हलते आणि ते हलणं म्हणजेच आवाज. कार्ट्रिजमध्ये एक इवलंसं चुंबक आणि तारेची वेटोळी असतात, सुई हलली की वीज तयार होते, झालं.

आता स्टिरिओ. खाचेचा आडवा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, दोन भिंती, एकमेकींना काटकोनात, म्हणजे प्रत्येक भिंत ४५ अंशात कललेली. आतल्या भिंतीवर डावा आवाज कोरलेला, बाहेरच्या भिंतीवर उजवा. सुई एकच, पण दोन्ही भिंतींना टेकलेली. आतली भिंत ढकलते तेव्हा ती एका तिरक्या दिशेला सरकते, बाहेरची ढकलते तेव्हा दुसऱ्या, आणि या दोन दिशा एकमेकींना काटकोनात असल्यामुळे एकीचं हलणं दुसरीत मिसळत नाही. कार्ट्रिजमध्ये वेटोळ्यांचे दोन संच त्याच दोन दिशांना बसवलेले असतात, एक फक्त हे हलणं पकडतो, दुसरा फक्त ते. ॲलन ब्लुमलाइन नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने १९३१ मध्येच याचं पेटंट मागितलं होतं, दुकानात स्टिरिओ रेकॉर्ड्स यायला मात्र १९५८ च्या आसपासचा काळ उजाडला.

यातली खरी हुशारी वेगळीच आहे बघा. दोन्हीकडे सारखाच आवाज असेल, म्हणजे गायक मधोमध, तर सुई फक्त आडवी हलते, अगदी जुन्या मोनोसारखी. दोन्हीकडे वेगळं काही असेल तरच ती वर-खाली होते. त्यामुळे मोनो यंत्रावर स्टिरिओ रेकॉर्डचा आवाज नीट येतो आणि स्टिरिओ यंत्रावर जुनी मोनो चालते, कुणाचं काही फुकट गेलं नाही. आणि म्हणूनच रेकॉर्ड कापणारे लोक बास शक्यतो मधोमध ठेवतात, एकाच बाजूला दणदणीत बास टाकला तर सुई इतकी वर-खाली होईल की खाच सोडून उडी मारेल.

मुलीला एक प्रयोग करून दाखवा. भंगारातली, कुणालाच नको असलेली रेकॉर्ड घ्या (हे महत्त्वाचं, कारण ती नंतर खराब होणारच), जाड कागदाचा कर्णा करा, टोकाला टाचणी आरपार खुपसा, रेकॉर्ड फिरवा आणि टाचणी हलकेच खाचेत टेकवा. कागदातून गाणं ऐकू येतं. कार्ट्रिज नाही, वायर नाही, ॲम्प्लिफायर नाही. मोबाइलमधल्या फाइलचे आकडे असे कुणाला हाताला लागत नाहीत.

प्रश्न: सूटकेससारखं उघडणारं छोटं प्लेअर वाढदिवसाला मिळालंय. सगळे म्हणतात याने रेकॉर्ड्सची वाट लागते. खरं का?

सगळे जरा जास्तच घाबरवतात, पण बिनबुडाचं नाहीये. चांगल्या टोनआर्मवर सुईचा भार दीड ते अडीच ग्रॅम असतो आणि मागच्या वजनाने तो कमी-जास्त करता येतो, या सूटकेसवाल्यांमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असते, भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो आणि तो बदलायची सोयच नसते. एकदा वाजवून काही होत नाही. तीच रेकॉर्ड रोज लावली तर मात्र झीज लवकर होईल, आणि मुख्य म्हणजे स्पीकर त्याच डब्यात असल्याने बास वाजला की तोच हादरा सुईला बसतो. गोडी लागते का बघायला ठीक आहे, साध्यासुध्या रेकॉर्ड्स त्याच्यावर लावा. लागली गोडी, की ते पुढच्याला भेट द्या. आणि कुणाकडून दुर्मीळ रेकॉर्ड मागून आणली असेल तर ती त्याच्यावर लावू नका, मैत्री जाते.

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत जाडजूड, जड, मळलेल्या रेकॉर्ड्स सापडल्या, ७८ लिहिलंय. नव्या टर्नटेबलवर लावू का? आणि पुसू कशाने? घरात इसोप्रोपिल अल्कोहोल आहे.

आधी ती बाटली जागेवर ठेवून या!

तुमच्या हातात आहेत त्या लाखेच्या तबकड्या आहेत, विनाइलच्या नाहीत. लाख म्हणजे किड्यापासून मिळणारी राळ, त्यात दगडाची पूड वगैरे मिसळून त्या बनवायचे, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणजे पुसता पुसता गाणंच पुसलं जाईल. साधं पाणी, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने गोल गोल, मधलं लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच टिपून घ्यायचं. पाण्यात भिजत घालू नका. पडल्या की काचेसारख्या फुटतात, म्हणून हे सगळं जाड टॉवेल पसरून करा.

वाजवायचं म्हणाल तर दोन अडचणी. एक म्हणजे वेग (मिनिटाला किती फेऱ्या), बऱ्याच नव्या टर्नटेबलवर ३३ आणि ४५ एवढेच असतात, ७८ आहे का बघून घ्या. दुसरी, सुई. या खाचा एलपीच्या, म्हणजे ३३ च्या वेगाच्या मोठ्या रेकॉर्डच्या, मानाने तिप्पट-चौपट रुंद असतात, एलपीची सुई टाकली तर ती तळाशी घसरत, गाळ ढवळत बसते, आवाजही वाईट आणि सुईही जाते. ७८ साठी वेगळी जाड सुई मिळते, ती घ्या. आणि उलटं चुकून करू नका, जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपी संपली म्हणून समजा.

काही जणांनी हेही विचारलंय की मग लाखेवरून विनाइलवर का गेले. एकतर ७८ च्या वेगाने बारा इंची तबकडीवर एका बाजूला चार-पाच मिनिटंच मावायची. त्यात दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली, अमेरिकेने सैनिकांसाठी ज्या व्ही-डिस्क काढल्या त्या विनाइलच्या निघाल्या, कारण त्या प्रवासात फुटत नव्हत्या. मग १९४८ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने बारीक खाचेची ३३⅓ वेगाची एलपी आणली, १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ ची छोटी, काही काळ दोघांची जुंपली, शेवटी मोठी अल्बमला आणि छोटी एकेका गाण्याला अशी वाटणी होऊन भांडण मिटलं.

प्रश्न: वापरलेल्या रेकॉर्ड्स घेताना काय बघायचं? आणि तीच रेकॉर्ड एकाकडे स्वस्त, दुसऱ्याकडे कितीतरी पट महाग, हे काय गौडबंगाल?

कव्हरवर भाळू नका, रेकॉर्ड बाहेर काढून दिव्याखाली तिरकी धरा. वरवरचे केसासारखे ओरखडे बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत. नखाला लागतो तो ओरखडा मात्र वाजणार, आणि खोल असला तर पिन अडकणार. चकाकी जाऊन खाचा राखाडी दिसत असतील तर ती जड सुईने झिजलीये, कितीही धुतली तरी परत येणार नाही. आणि एक जागा लोक बघतच नाहीत, मधल्या भोकाभोवतीचं लेबल. रेकॉर्ड लावताना भोक चुकलं की दांडीचं टोक कागदावर घासतं आणि तिथे बारीक रेघांचं जाळं पडतं. विकणारा म्हणेल "फारशी वाजवलेली नाही", लेबल काय म्हणतंय ते बघून ठरवा. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे विकणारा रेकॉर्डच्या स्थितीला देतो त्या शेऱ्यात, व्हेरी गुड लिहिलं असेल तर त्यावर खरखर येणार हे धरून चाला, आणि नुसतं गुड असेल तर तिच्याकडे पाठ फिरवा.

किमतीचं म्हणाल तर गाणं आधी लॅकरवर, म्हणजे मऊ लेप दिलेल्या कोऱ्या तबकडीवर, कोरतात, त्यावरून धातूचे साचे निघतात, साच्यावरून साचे, आणि शेवटच्या साच्याने रेकॉर्ड दाबतात. हा साचा हजारभर रेकॉर्ड्सनंतर थकतो. म्हणून पहिल्या दाबातली, मूळ टेप ताजी असतानाची प्रत लोक शोधतात. ओळखायचं कसं, तर शेवटचं गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जी कोरी गुळगुळीत पट्टी असते तिथे खरवडलेले नंबर असतात, कधी कापणाऱ्या इंजिनिअरची आद्याक्षरंही. लोक भिंग घेऊन ते वाचतात, मीही वाचते, हसू नका. पण पहिली प्रत म्हणजे चांगलीच असं मुळीच नाही, नंतर कुणी नीट निगुतीने काढलेली आवृत्ती झिजलेल्या पहिल्या प्रतीपेक्षा कधीही बरी. ऐकायला घेताय का जपायला, ते आधी ठरवा, खिसा वाचेल.

जाता जाता, ते लॅकर बनवणारे जगात फक्त दोन उरले होते. त्यातला कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला. एवढ्या गाजावाजाने परत आलेल्या धंद्याच्या लॅकरचा भार तेव्हा जपानमधल्या एका कारखान्यावर आला!

प्रश्न: माझी मैत्रीण रेकॉर्ड्स घेते पण तिच्याकडे प्लेअरच नाही! भिंतीवर लावते. याला काय म्हणायचं?

बहुमत म्हणायचं, जवळजवळ. संगीताच्या विक्रीचे आकडे ठेवणाऱ्या ल्युमिनेट कंपनीच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे अमेरिकेत वर्षभरात रेकॉर्ड घेणाऱ्यांपैकी निम्म्याच लोकांकडे प्लेअर होता. आणि त्याच्या आदल्या वर्षी तिथे १९८७ नंतर पहिल्यांदा सीडीपेक्षा रेकॉर्ड्स जास्त विकल्या गेल्या, ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख, म्हणजे यातल्या किती सुईखाली गेल्या असतील तुम्हीच बघा. मला यात वाईट काही दिसत नाही. १९४० च्या सुमाराला ॲलेक्स स्टाइनवाइस नावाच्या चित्रकाराने कोलंबियासाठी कव्हरवर चित्रं काढायला सुरुवात केली, त्याआधी बहुतेक तबकड्या साध्या कागदी पाकिटात नाहीतर एकरंगी पुठ्ठ्यात यायच्या, आणि चित्रं आल्यावर विक्री वाढली होती. चित्रासाठी घेणारे तेव्हाही होते. फक्त तिला म्हणावं समोरून ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नकोस, आणि भिंतीवर कव्हर राहू दे, रेकॉर्ड काढून कपाटात ठेव.

प्रश्न: प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं जरा फाटल्यासारखं, 'स' 'श' फिसफिसल्यासारखं का येतं?

कान चांगले आहेत तुमचे. फेऱ्या तेवढ्याच पण आतला घेर लहान, त्यामुळे सुईखालून खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला ५० सेंटीमीटरच्या आसपास सरकते आणि आतल्या टोकाला जेमतेम २०. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलाय, बारीक स्वरांच्या लाटा सुईच्या टोकाएवढ्याच होतात आणि सुई त्या नीट वाचू शकत नाही. जाणकार निर्माते म्हणूनच शेवटी शांत गाणं ठेवायचे. तुमच्या हातात एवढंच की कार्ट्रिज नीट रेषेत बसवून घ्या, त्यासाठीचा छापील तक्ता फुकट मिळतो, आणि पुढची सुई लंबगोल टोकाची घ्या, गोल टोकाची नको.

प्रश्न: आडव्या ठेवल्या तर चालतात का? आणि सुई किती दिवसांनी बदलायची?

आडव्या नाही, एकावर एक रचल्या की खालच्या वाकतात आणि कव्हरवर गोल वळ उमटतात. पुस्तकांसारख्या उभ्या, सरळ, तिरप्या न टेकवता, उन्हापासून लांब. बाहेरचं पारदर्शक पाकीट मऊ पीव्हीसीचं असेल तर बदला, काही वर्षांनी त्यातून वाफ सुटून रेकॉर्डवर धुरकट थर बसतो. सुई दिवसांवर नाही, तासांवर मोजतात. बहुतेक कंपन्या ५०० ते १००० तास सांगतात, रोज तासभर ऐकत असाल तर दीड-दोन वर्षांनी बघायला लागा. वापरलेलं टर्नटेबल घेतलं असेल तर आधीची सुई किती चाललीये ते विकणाऱ्याला पण माहीत नसतं, ती पहिल्याच दिवशी बदला आणि नवी बसवल्याची तारीख झाकणाच्या आतून चिकटवून ठेवा.